मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब? आई-बाबांचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

मुंबईहून न्यूयॉर्क विमानाने किती लांब आहे, हे इंटरनेटवर विचारलं तर उत्तर लगेच मिळतं. अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमान असेल तर जायला १५ ते १६ तास. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत बसून आई-बाबांचं तिकीट काढते तेव्हा तिच्यासमोर हेच आकडे असतात: भाडं किती, एकूण तास किती, मध्ये थांबे किती. यातलं जे स्वस्त आणि कमी तासांचं, ते तिकीट निघतं.

माझं म्हणणं असं आहे की सत्तरीच्या माणसासाठी तिकीट काढताना हे आकडे पुरेसे नाहीत. कधी कधी तर ते दिशाभूल करतात. विमान किती वेळ हवेत असतं हे विमान कंपनीला महत्त्वाचं. आपल्याला महत्त्वाचं आहे ते शरीर किती तास बसलेलं असतं, किती तास विरळ हवेत असतं आणि पोहोचल्यावर त्याचं घड्याळ किती चुकलेलं असतं. हे तीन आकडे तिकिटावर छापलेले नसतात.

आधी अंतराबद्दल थोडं, कारण अनेकांना यात गंमत वाटते. भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली तर ती अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. पण एक मोसंबं घ्या, त्यावर दोन ठिपके काढा आणि दोरा ताणून धरा. दोरा वर उत्तरेकडे सरकतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता थेट स्कँडिनेव्हिया-आइसलँडच्या बाजूने जातो. १२,५०० किलोमीटर हे त्या दोऱ्याचं माप. प्रत्यक्षात वारा, बंद असलेली हवाई हद्द, युद्धक्षेत्रं यांमुळे विमानं थोडी वाकडी जातात. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांचे तास वाढलेले आपण वाचलेच असेल. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी.

आता हिशेब घरापासून करू.

समजा आई-बाबा कोल्हापूरला राहतात. विमान रात्री दीड वाजता. दुपारी बाराला घरून गाडी निघते, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मुंबई विमानतळ. सामान देणं, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि गेटवरची वाट बघणं यात मध्यरात्र उलटते. मग सोळा तास विमान. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा यांना दोन तास धरा, आणि मुलाच्या घरापर्यंत आणखी एक तास गाडी. घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत बत्तीस-तेहतीस तास झाले. इंटरनेटने सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट! आणि यातले निदान पंचवीस तास माणूस खुर्चीत बसलेला असतो. तिकीट काढणाऱ्याला फक्त मधले सोळा दिसतात.

(जाता जाता: मध्यरात्रीनंतरच्या विमानाच्या तारखेचा घोळ फार जणांचा होतो. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०१:३० असेल तर १४ तारखेच्या रात्री विमानतळावर असायला हवं. १५ च्या रात्री नाही.)

पायांचं काय होतं?

आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू पायातलं रक्त दाबून वर हृदयाकडे ढकलतात. पोटरीला म्हणूनच दुसरं हृदय म्हणतात. तासन् तास बसून राहिलं की हा पंप बंद पडतो, रक्त पायात साचतं आणि खोलवरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. याला डीव्हीटी म्हणतात. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने यावर संशोधन केलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की अशा गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण निरोगी माणसात तो मुळातच इतका कमी असतो की दुप्पट होऊनही साधारण सहा हजारांत एकाला हा त्रास होतो. मात्र ज्यांना आधी गुठळी झाली आहे, कॅन्सर आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय, वजन बरंच जास्त आहे किंवा ज्या स्त्रिया हॉर्मोनच्या गोळ्या घेतात, त्यांच्यात हा धोका बराच वाढतो.

याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असं नाव पडलं आणि ते मला अजिबात आवडत नाही. त्या नावामुळे लोकांना वाटतं की दोष स्वस्त तिकिटाचा आहे. दोष बसून राहण्याचा आहे. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र रात्र आसरा-घरात आरामखुर्च्यांवर बसून काढत, आणि त्यांच्यात फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू वाढले, हे कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तिथे कुठे विमान होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातही मोटार, बस आणि रेल्वेच्या लांब प्रवासात हाच धोका दिसला. म्हणजे पुण्याहून नागपूरला रात्रभर बसने जाणाऱ्यालाही हे लागू आहे. आणि कोल्हापूर-मुंबई गाडीतले नऊ तास विमानाच्या सोळा तासांत मिळवायलाच हवेत.

अजून एक गोष्ट, जी आपल्या घरातल्या बायकांसाठी फार महत्त्वाची आहे. १९० सेंटिमीटरपेक्षा उंच माणसांना विमानात धोका जास्त, हे ऐकून कोणालाही पटतं, पाय आखडतात म्हणून. पण १६० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या माणसांनाही धोका जास्त असतो. कारण सोपं आहे. पाय जमिनीला टेकत नाहीत, लोंबकळतात, आणि खुर्चीची कड गुडघ्यामागच्या शिरेवर दाबून बसते. आपल्या आया, मावश्या, आत्या यांची उंची आठवून बघा. उपाय फुकटचा आहे: केबिनमधली छोटी बॅग पुढच्या सीटखाली आडवी ठेवा आणि त्यावर पाय टेकवा. मांड्या थोड्या उचलल्या गेल्या की कड दाबत नाही.

बाकीचे उपायही साधे. सीट मधल्या रस्त्याच्या कडेची घ्या. खिडकीची घेऊ नका. खिडकीतून समुद्र दिसेल म्हणून हौसेने ती सीट घेतात, रात्रीच्या विमानात दिसतो फक्त पंखावरचा दिवा. पण खरं नुकसान वेगळंच आहे. आपली मध्यमवर्गीय माणसं भिडस्त असतात. झोपलेल्या अनोळखी माणसाला उठवून बाथरूमला जायचं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून ती पाणीच पीत नाहीत. वडिलांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर मग विचारूच नका. केबिनची हवा आधीच कोरडी, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली असते, त्यात पाणी कमी आणि उठणं बंद. हे तिन्ही एका चुकीच्या सीटमुळे होतं. रस्त्याकडेच्या सीटसाठी जादा पैसे मागितले तर द्या. अमेरिकेतून आणलेल्या चॉकलेटांवर याहून जास्त खर्च होतो.

दर तासा-दीड तासाला उठा, नाही जमलं तर बसल्या बसल्या टाचा उचला, पावलं गोल फिरवा. धोका जास्त असेल तर गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे डॉक्टरांकडून योग्य मापाचे घ्या. सैल मोजे कुचकामी, आणि वरची कड आवळणारे मोजे उलट घातक. गुठळी होऊ नये म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर मात्र बंदही करू नका. झोपेची गोळी आणि 'फुकट मिळतंय तर' घेतलेली वाईन, दोन्ही नको. हालचाल पूर्ण थांबते आणि म्हातारपणी डोकं गोंधळतं.

व्हीलचेअर जरूर बुक करा, त्यात कमीपणा नाही. रांगा वाचतात, चुकामूक होत नाही. पण आई चालू शकत असेल तर गेटपर्यंत पोहोचल्यावर तिला उठायला सांगा. विमानात चढण्यापूर्वीचा अर्धा तास त्याच गेटसमोर येरझाऱ्या घालायच्या. विमानाआधी, विमानात आणि विमानानंतर सलग बसूनच राहायचं असेल तर व्हीलचेअरचा फायदा अर्धाच होतो.

थेट विमान की थांबा?

इथे माझं मत बहुतेक एजंटांपेक्षा वेगळं आहे. थेट विमान सगळ्यात सोपं आणि थांबा म्हणजे त्रास, हे सरसकट खरं नाही. आखाती देशात थांबणारं विमान घेतलं तर पहिला टप्पा तीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांचा. म्हणजे पायांना काहीच विश्रांती नाही, उलट मध्यरात्री उठून भलंमोठं विमानतळ तुडवायचं. असा थांबा फक्त खिशासाठी चांगला. युरोपात थांबणारं विमान साधारण नऊ आणि आठ-नऊ तास असा प्रवास मधोमध तोडतं. दोघं एकत्र जात असतील, चालते-फिरते असतील, आणि गुठळीचा किंवा कंबरेचा त्रास असेल, तर मी युरोपचा थांबा सुचवतो. त्यातही तीन ते चार तासांचा. दीड तासाचा थांबा म्हणजे धावपळ आणि नऊ तासांचा म्हणजे धातूच्या बाकावर काढलेला दिवस.

पण आई एकटी जाणार असेल, इंग्रजीची भीती असेल, थोडा विसरभोळेपणा सुरू झाला असेल, तर मात्र थेट विमान. तिथे पायांपेक्षा चुकण्याचा धोका मोठा. थेट विमानासाठी वीस हजार जास्त पडले तरी मी तेच घ्यायला सांगेन.

विमानातलं गाव किती उंचावर?

विमान ३५ हजार फुटांवर उडतं, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. किती? साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असते तितकी. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, साधारण ५,४०० फूट आहे. म्हणजे तुमचे वडील कळसूबाईच्याही वर सोळा तास बसलेले असतात. निरोगी माणसाचा ऑक्सिजन ९६-९७ वरून ९० ते ९३ पर्यंत उतरतो आणि त्याला ते जाणवतही नाही. पण ज्यांचा घरी बसल्या बसल्याच ९२ असतो त्यांचं काय? सीओपीडी, हृदयाची कमजोरी, हिमोग्लोबिन ८ च्या खाली, अशा माणसांनी विमानात ऑक्सिजन लागेल का हे आधी तपासून घ्यायलाच हवं. घरची ढोबळ परीक्षा: सपाट रस्त्यावर ५० मीटर न थांबता, धाप न लागता चालता येतं का? येत नसेल तर तिकिटाआधी डॉक्टरकडे जा. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म असतो, तो भरावा लागतो, आणि ऑक्सिजनचं मशीन न्यायचं तर आगाऊ परवानगी लागते. आदल्या दिवशी हे होत नाही.

दाब कमी झाला की शरीरात अडकलेली हवा फुगते, जवळजवळ तीस टक्क्यांनी. पोट फुगतं, कान दुखतात, ते ठीक. पण डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशननंतर आत गॅसचा बुडबुडा सोडतात, तो विमानात फुगला तर डोळ्यातला दाब भयंकर वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. तो गॅस पूर्ण जिरेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, विमान पूर्ण बंद. रुग्ण मोतीबिंदू आणि पडदा यांत गल्लत करतात, 'डोळ्याचं छोटं ऑपरेशन झालंय' एवढंच मुलाला फोनवर सांगतात आणि मुलगा तिकीट काढून मोकळा होतो. कोणतं ऑपरेशन, कधी, आत काय सोडलंय, हे विचारा. हार्ट ॲटॅक, पोटाचं ऑपरेशन, पक्षाघात यांनंतरही निदान आठवडा-दीड आठवडा थांबावं लागतं, गुंतागुंत असेल तर त्याहून बरंच जास्त.

साडेचौतीस तासांचा दिवस

हा भाग मधुमेही वाचकांनी दोनदा वाचावा.

न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आहे. जाताना प्रवासाचा दिवस साडेचौतीस तासांचा होतो आणि परत येताना साडेतेरा तासांचा. लोक जाण्याची काळजी करतात. जास्त धोका येण्यात आहे. तिथे तीन महिने आई रोज रात्री दहाला दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन घेते. निघण्याच्या आदल्या रात्री दहाला घेतलं, विमानात बसली, घड्याळ भारताच्या वेळेवर लावलं, आणि शिस्तीची बाई असल्यामुळे विमानातच इथल्या रात्री दहाला पुन्हा घेतलं. तिच्या कॅलेंडरप्रमाणे एक दिवस झाला. शरीराप्रमाणे साडेतेरा तास. आधीच्या डोसचा बराच जोर शिल्लक असताना दुसरा डोस पडला, आणि दमल्यामुळे रात्री धड जेवणही नाही. साखर पहाटे झोपेत उतरते आणि दमलेल्या माणसाला कोणी उठवत नाही.

म्हणून प्रवासाच्या दोन आठवडे आधी डॉक्टरकडून डोसचं वेळापत्रक तासांच्या हिशेबाने लिहून घ्या. एक सोपी युक्ती अशी की एका मनगटी घड्याळावर भारताची वेळच ठेवायची. रात्री दहाचं इन्सुलिन हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळी साडेअकराला पडतं. अनेकांनी तीच वेळ मुक्कामभर ठेवली तरी चालतं, आणि येताना काही बदलावंच लागत नाही. तुमच्या बाबतीत चालेल का, ते तुमचे डॉक्टर सांगतील. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय घेऊ नका. विमानात जेवण विमानाच्या वेळेने येतं. खिशात साखर आणि सोबत दशमी किंवा खाकरा हवाच. इन्सुलिन आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत. खाली मोठ्या बॅगेत इन्सुलिन गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर पुढचं सांगायला नको. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिथल्या दुकानदाराला कळत नाहीत.

पोहोचल्यावर

रात्री दीडचं विमान न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास उतरतं. आईच्या शरीरात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि रात्रीची झोप झालेलीच नसते. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या वेगाने सरकतं. साडेदहा तासांचा फरक भरायला आठ-दहा दिवस जातात. या दिवसांत रात्री दोनला टक्क जाग, नवीन घर, अनोळखी जिना, अंधार. म्हातारी माणसं पडतात ती इथे. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा लावून ठेवा. दिवसा उजेडात बाहेर फिरवा, दुपारी झोप तासाभरापेक्षा जास्त नको.

आणि आता थोडं कडू बोलतो. आपल्याकडची अनेक आई-वडिलांची पहिली अमेरिकावारी बाळंतपणासाठी होते. आई डिंकाचे लाडू घेऊन जाते आणि तिकीट असतं डिलिव्हरीच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीचं, कारण सहा महिन्यांच्या मुक्कामात एकही दिवस 'वाया' जायला नको. पासष्ट वर्षांची बाई तेहतीस तासांच्या प्रवासानंतर, उलट्या घड्याळासकट, थेट रात्रपाळीला उभी राहते. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या कधी चुकल्या तेही तिला कळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. निदान दोन आठवडे आधी बोलवा. बाळ लवकर आलं तर येऊ दे, पहिला आठवडा जावयाने रात्र जागवावी.

तसंच दुसऱ्या दिवशी नायगारा नको. न्यूयॉर्कहून तो साडेसहाशे किलोमीटर आहे, म्हणजे पुन्हा सात-आठ तास गाडीत बसणं. गुठळीचा धोका विमानातून उतरल्यावर संपत नाही, पुढचे काही आठवडे राहतो, पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त. दोन्ही पावलं थोडी सुजली तर ती एक-दोन दिवसांत उतरतात. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी इमर्जन्सीमध्ये न्या. 'इन्शुरन्स किती कापेल' हा हिशेब नंतर करा.

परत आल्यावरही तेच. कोल्हापूरला किंवा नाशिकला येऊन दहा दिवसांनी पोटरी दुखायला लागली तर माणूस म्हणतो, चालल्यामुळे असेल, आणि बाम चोळतो. बाम नको, चोळणं तर मुळीच नको. डॉक्टरकडे जा आणि त्यांनी विचारलं नाही तरी पहिलं वाक्य हे सांगा: दहा दिवसांपूर्वी अमेरिकेहून आलोय.